ऊर्जागुरूंचा हिरवा खोका आणि मायाची इस्त्री

नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या लॉन्ड्रीच्या दारात झेरॉक्सवाले, चक्कीवाले, बेकरीवाले, शेजारच्या पार्लरमधल्या दोघी, सगळे टाचा उंचावून आत बघत होते. आत चादरींच्या गाठोड्यांमध्ये ऊर्जागुरू गौरांगजी उभे. भगवी कफनी नाही, माळ नाही. निळा ब्लेझर, कानाला माइक आणि हातात हिरवा खोका, विजेचं बिल उतरवणारा म्हणे.

"मी देव मानायला सांगत नाही," ते म्हणाले. "अंधश्रद्धा तर अजिबात ठेवू नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हे विज्ञान आहे."

धुण्याची आणि पिळण्याची, दोन्ही मशीन त्यांनी रिकाम्याच चालू करायला लावल्या. इस्त्र्या आधीच बंद करवल्या होत्या, कारण तापलेल्या लोखंडाच्या लहरी म्हणे आडव्या येतात. मग वायरीला चिमट्यासारखा पकडणारा आपला मीटर लावला. वायरीतून वाहणाऱ्या विजेचा आकडा आला बारा. खोका जोडला. आकडा सात.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. समोरचे फॅब्रिकेशनवाले रुपराव सर्वांत जोरात. त्यांच्या दुकानात गेल्या वर्षीपासून हा खोका लटकतोय, आणि तीन नवी गिऱ्हाइकं आणली की त्याचे पैसे परत मिळणार होते. गुरुजींच्या भाषेत याला 'प्रोत्साहन योजना' म्हणतात.

माझ्या सासूबाई, तुळसाबाई, त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. लॉन्ड्री त्यांची. दुकानाला लिंबू-मिरची कधी लागली नाही, घरी रोज बुद्धवंदना होते, आणि अंगात आलेल्या एका बाईला त्यांनी लिंबूपाणी पाजून रिक्षात बसवून दिलं होतं. गुरुजींनी देवाचं नाव काढलं असतं तर सासूबाईंनी त्यांना पायरी चढू दिली नसती. त्यांनी मीटर काढला, आणि सासूबाई विरघळल्या.

शिवाय त्यांना हा चमत्कार हवाच होता. विजेचं बिल इतकं चढलं होतं की महिनाअखेरीला एक माणूस कमी करायचं ठरलं होतं, आणि ते माणूस म्हणजे इस्त्रीवरची माया. दोन लेकरांना आईजवळ ठेवून रोज उमरेडहून एसटीनं येणारी. माझी मुग्धा तान्ही असताना मला दोन घास सुखानं जेवता यावेत म्हणून इस्त्री बाजूला ठेवून तिला खांद्यावर घेणारी. सासूबाईंनी तिला तसं सांगूनही झालं होतं आणि तेव्हापासून त्या तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

बिल उतरवायचा खरा रस्ता आम्हाला कोणी दाखवला नव्हता असं नाही. लहान धंद्यांसाठीच्या एका योजनेतून नीला नावाची इंजिनिअर येऊन सगळं तपासून गेली होती. दोन्ही मोटरी जुन्या, पुन्हापुन्हा वाइंडिंग केलेल्या, वीज खाणाऱ्या. गरम पाण्याचा पाइप उघडा, निम्मी उष्णता खोलीतच सांडते. हे बदला, खर्चाचा काही भाग योजनेतून परत मिळेल, असं तिनं सांगितलं होतं. मोटरींसाठी पैसेही बाजूला काढले होते. पण त्यात अर्ज होते, वाट बघणं होतं. गुरुजींकडे दोन मिनिटांत बारावरून सात.

"मोटर बदलू नका, माताजी. मोटरची वृत्ती बदला," गुरुजी समजावत होते. "वाट चुकलेले इलेक्ट्रॉन या खोक्यामुळे घरी परततात. फक्त तो उघडू नका. ऊर्जा उडून जाईल."

सासूबाईंनी गल्ला उघडला. मोटरींचे पैसे त्यातच होते.

मी तेव्हा जिन्याखाली, वीज बोर्डाच्या मीटरपाशी उभी होते. मे महिन्यात दुकानात तेवढीच काय ती सावलीची जागा. कडेवर मुग्धा, उकाड्यानं चिडचिडलेली. त्या मीटरवरचा लाल दिवा तिच्या फार आवडीचा. तो लुकलुकला की ती माझ्या खांद्यावर चापटी मारते. विजेचा ठरावीक वाटा वापरला गेला की तो दिवा एकदा लुकलुकतो. वापर जास्त तर घाईघाईनं, कमी तर सावकाश.

तिकडे गुरुजींनी उशिरा आलेल्यांसाठी खोका काढून पुन्हा लावला. बारा, सात, टाळ्या. आणि माझ्या खांद्यावर तो इवलासा, घामेजलेला तळहात आपल्या त्याच चालीनं पडत राहिला. खोका होता तेव्हाही, नव्हता तेव्हाही.

मुग्धा होईपर्यंत मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते. मी पुढे झाले आणि विचारलं, गुरुजी, तुमचा मीटर उतरला, मग बोर्डाचा काहून नाही उतरला? बिल तर त्याच्यावर येतं.

"ताई, लेकरू घेऊन विज्ञान होत नसते," गुरुजी माइकवरूनच म्हणाले. "त्याला दूध पाजा."

लोक हसले. सासूबाई म्हणाल्या, "तू चूप राय वं थोडी."

मी चूप राहिले नाही. म्हटलं, मशीन बंद करा आणि हाच खेळ इस्त्रीवर करून दाखवा. गुरुजींनी लगेच लहरींचं पुराण लावलं. इस्त्रीवर चालत नाही, यंत्राचा अपमान होतो, वगैरे.

इतका वेळ थंड इस्त्रीमागे उभी असलेली माया तेव्हा बोलली. "काहून नाही चालत जी? बिल तर माह्या इस्त्रीचंही येते ना."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मग हातातले पैसे गल्ल्यात टाकून स्वतः जाऊन दोन्ही मशीन बंद केल्या. मायानं इस्त्रीचा खटका दाबला. गुरुजींच्याच मीटरवर आकडा आला, पाच. मी खोका जोडला. सात.

"अरे, हा तर वाढवून राहिला!" चक्कीवाले म्हणाले, आणि गल्ली पोट धरून हसली.

रुपराव मात्र हसले नाहीत. ते तडक दुकानात गेले, आपला खोका घेऊन आले आणि पेचकस लावला. गुरुजी म्हणाले, ऊर्जा उडून जाईल. "उडू द्या ना जी, पाहू तरी कुठं जाते ते," रुपराव म्हणाले. आत निघालं एक स्वस्तातलं कपॅसिटर, एक हिरवा दिवा आणि वजनासाठी सिमेंटचा गोळा.

मग मी सगळ्यांना सांगितलं ते असं. मोटर काही वीज नुसती खेळवायला घेते आणि लगेच परत करते. रिकामी मोटर तर बहुतेक तेवढंच करते. कपॅसिटर ही देवघेव मोटरजवळच करतं, म्हणून वायरीतला आकडा उतरतो. मोठ्या कारखान्यांच्या बिलात त्याचा हिशेब धरतात, तिथं कपॅसिटर कामाचं. आपल्यासारख्या लहान दुकानांना फक्त खरोखर खर्च झालेल्या विजेचं बिल येतं आणि त्याला हा खोका बोटही लावत नाही. इस्त्री वीज परत करतच नाही, म्हणून तिथं खोक्याची स्वतःचीच देवघेव आकड्यात वर चढली आणि पितळ उघडं पडलं.

"पण माझं बिल तर उतरलं होतं," रुपराव हळूच म्हणाले. त्यांनी खोका लावला होता नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपल्यावर. पावसाळ्यात कूलर बंद झाले की नागपुरात कोणाचं बिल उतरत नाही?

तोवर गुरुजी माइक कानालाच ठेवून सटकले होते. त्यांचं "गाडी काढ, गाडी काढ" स्पीकरवर सगळ्या गल्लीनं ऐकलं.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी नीलाला फोन केला आणि मायाला म्हणाल्या, "तू कुठं जाऊ नको वं. पाहू आपण." दिवाळीपर्यंत नव्या मोटरी आल्या, पाइपाला वेष्टण बसलं, योजनेतला वाटा दोन चकरा जास्त मारून मिळाला. बिल उतरलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माया इस्त्रीवर आहे.

बायांनो, भाऊ हो, 'विज्ञान' म्हणणाऱ्या प्रत्येकाला विज्ञान येत नसतं. आकडा दाखवला की विचारा, हा मीटर कोणाचा? तो सांगेल ती मशीन सोडून दुसरीवर करून दाखव म्हणा. त्यात लाज नाही, उद्धटपणा नाही. खोका फसला की गुरुजी फक्त गल्ली बदलतात. काम जातं ते एखाद्या मायाचं.