पपईचा फुलोरा

जावा बेटावरच्या सालातिगा शहरातल्या त्या गल्लीत वर्दोयोंना सगळे ओळखत. तीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचत ते घरोघरी फिरले होते. निवृत्त झाल्यावर मात्र वाचायला काही उरलं नाही. त्यातच त्यांच्या बायकोला, मुर्तीनीला, तीन शाळांच्या गणवेशांचं शिवणकाम मिळालं. मुलगी अंगीत शिकवण्या आटोपून सहाला घरी यायची. आठ दिवस जेवण बाहेरून पुड्यांत बांधून आलं. नवव्या दिवशी अंगीत म्हणाली, "बापक, मला आता ती पुडी उघडावीशीही वाटत नाही."

"उद्यापासून मी करतो," वर्दोयो म्हणाले.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं, पण हसल्या नाहीत. हसायचं त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं असावं.

सकाळी भाजीची गाडी आली. गाडीवाली पाइनेम वयाने वर्दोयोंपेक्षा लहान, पण सगळी गल्ली तिला 'यू' म्हणजे थोरली बहीणच म्हणे, आणि ती वडीलधाऱ्या पुरुषांना 'बापक' म्हणजे बाबा.

"यू, आमच्याकडे माठाचं पातळ कालवण करतात, मक्याचे तुकडे घालून. त्याला काय काय लागतं?"

"लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं तेच जेवताय ना बापक? मग मला काय विचारता?"

गाडीभोवतीच्या बायका खुदखुदल्या. वर्दोयो वही उघडून उभेच राहिले, तेव्हा यूने सांगितलं. मका आधी शिजवायचा, माठ सगळ्यात शेवटी टाकायचा आणि लगेच उतरवायचं. "आणि माठ आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलात तर सगळी चव तुमच्या पाणीखात्याच्या गटारात जाईल."

संध्याकाळी कालवण झालं, तेम्पेच्या सोयावड्याही लसूण-मिठाच्या पाण्यात भिजवून तळल्या. सगळं खाण्याजोगं होतं, पण कालवणाला नेहमीचा वास नव्हता. काय राहिलं, ते बायकोला विचारलं असतं तर एका शब्दात कळलं असतं. पण त्यांना ते स्वतः शोधायचं होतं. दुसऱ्या दिवशी गाडीवरची एकेक मुळी त्यांनी नाकाला लावली. आलं नाही, हळद नाही. मग बोटांच्या जुडीसारखी एक पिवळसर मुळी हाती आली आणि ते थबकले. हाच तो वास. तिचं नाव तेमू कुंची. इतकी वर्षं रोज पोटात गेली आणि तिची गाठ मात्र आज पडली.

त्या संध्याकाळी अंगीतने दोनदा वाढून घेतलं. मुर्तीनीने वाटीत जेमतेम दोन पळ्या घेतल्या. मीटरवाल्याची नजर ती. त्यांनी पुढचे तीन दिवस पाहिलं, आकडा दोन पळ्यांवरून हलला नाही.

चौथ्या दिवशी ते शिवणयंत्राशी जाऊन उभे राहिले. "माझ्या कालवणात काही कमी आहे का?"

"नाही हो. छान करता."

"मग घेत का नाहीस?"

मुर्तीनीने दातातला दोरा काढला. "मला ते कधीच फारसं आवडलं नाही."

"चौतीस वर्षं केलंस की."

"तुम्ही न बोलता खात होतात. शिवाय वीस मिनिटांत होतं."

वर्दोयोंना वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून मोठा प्रश्न पुढे उभा होता. "मग तुला आवडतं तरी काय?"

यंत्र थांबलं. तिला आठवावं लागलं. "पपईचा फुलोरा. सुकी बारीक मासळी घालून परतलेला."

"तो कडू असतो ना?"

"असतोच. लग्नानंतर एकदा केला होता. तुम्ही ताट सरकवलंत."

त्यांना ते आठवत नव्हतं. ती पुन्हा शिवू लागली.

दुसऱ्या दिवशी यूने फुलोऱ्याची जुडी दिली आणि कडूपणा मारायला पेरूची कोवळी पानं घालून उकडायला सांगितलं. वर्दोयोंनी धास्तीने तीनदा उकडला. मुर्तीनीने घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"कडूपणा कुठे गेला?"

"काढला."

"सगळा?" ती हसायला लागली. "अहो, मग उरलं काय? गवत."

अंगीतला ठसका लागला. वर्दोयोंनी वही काढून लिहिलं: एकदाच उकडणे.

गुरुवारी त्यांनी तो एकदाच उकडला, मिरची आणि छोटे कांदे परतून त्यात मासळी टाकली. मुर्तीनीने भातावर वाढून घेतला, वर आणखी घेतला आणि काही न बोलता खात राहिली. तिच्याकडे बघत वर्दोयोंनीही थोडा घेतला. पहिला घास कसाबसा गिळला. दुसऱ्याला डोळे मिटले. ते सावकाश चावत राहिले, ह्यात हिला सापडतं तरी काय, ते शोधत. चौथ्या घासाला जिभेच्या मुळाशी काहीतरी गोडसर जाणवलं.

"बू," त्यांनी बायकोला नेहमीची हाक मारली, "मागाहून थोडं गोड लागतं, ते तुलाही लागतं का?"

"आधी जेवा," मुर्तीनी म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली.