विचारून लिहिलेला फळा

संयोगिता मॅडमनी निबंध परत दिला तेव्हा शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘भाषा चांगली आहे. पण हे सगळं इतरांबद्दल झालं. तू यात कुठं आहेस? सोमवारपर्यंत पुन्हा लिही.’

मैथिली गुळवणी विद्यापीठात पत्रकारितेच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय होता ‘तंत्रज्ञान, माध्यमं आणि आजचा समाज’. तिनं सात पानं लिहिली होती. माणसं वाचायच्या आधी पुढं पाठवतात, बघायच्या आधी मत देतात, बातमी खरी का हे विचारायला कुणाला सवड नाही, असं सगळं. त्यात खोटं काही नव्हतं. वर्गातल्या पंचवीस जणांनी थोड्याफार फरकानं तेच लिहिलं होतं.

रविवारी सकाळी ती कोरे कागद घेऊन माडीवरच्या खिडकीशी बसली. तिथून चौक दिसायचा, आणि चौकातल्या तालमीच्या भिंतीवरचा फळा. फळ्यावर आता शिकवणीच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या.

तो फळा सत्तावीस वर्षं तिच्या वडिलांनी लिहिला. अंबादास गुळवणी, घरात अण्णा. नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात. पहाटे पेठेचं पाणी सोडायचं आणि परत येताना तालमीपाशी थांबायचं. फळा ओल्या फडक्यानं पुसायचा. तो वाळेपर्यंत समोरच्या गाड्यावर अर्धा कप चहा. मग सुताला खडूची भुकटी चोळून ते दोन टोकांना ताणायचं आणि टिचकी मारून सोडायचं, की सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर अण्णांची अक्षरं पंगतीला बसल्यासारखी बसायची. आज पाणी किती वाजता येणार, काल कुठल्या पेठेच्या संघानं किती गोल मारले, कुणाची लेक बँकेच्या परीक्षेत पास झाली. सुताचं दुसरं टोक धरायला कित्येकदा मैथिली असायची. शाळेच्या गणवेशावर खडू सांडला म्हणून आई रागवायची.

दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं थांबून फळा वाचायची. धोंडुबाईंना वाचता यायचं नाही. त्या कुणाला तरी धरून सगळं वाचून घ्यायच्या आणि तीच बातमी दहा घरं फिरवायच्या. कुणी शंका काढली तर म्हणायच्या, ‘अण्णानं लिवलंय. इचारून लिवलंय.’

ते खरंच होतं. अण्णा विचारल्याशिवाय लिहायचे नाहीत. साधा वाढदिवस असला तरी घरी जाऊन यायचे, लिहू का म्हणून. केरबा पैलवान वारले तेव्हा मैथिली सातवीत होती. पहाटेच सगळ्या पेठेला कळलं होतं, पण दुपार झाली तरी फळा कोराच. तालमीतली माणसं वैतागली.

‘अण्णा, लिवा की आता! समद्यास्नी ठावं हाय.’

‘सगळ्यांना नाही,’ अण्णा म्हणाले. ‘त्यांची बहीण हातकणंगल्याहून यायची आहे. एसटीतनं उतरून या चौकातनंच चालत येणार. तिनं भावाचं नाव फळ्यावर वाचायचं होय रे?’

अडीच वाजता म्हातारी आली. खाली मान घालून फळ्यासमोरून गेली. गल्लीतून तिचा हंबरडा ऐकू आल्यावर अण्णांनी सूत काढलं.

मैथिली हे लिहीत गेली आणि लिहिताना तिला बरं वाटत होतं. अण्णांना फोनचा राग होता असं मात्र तिनं लिहिलं नाही, कारण तसं नव्हतंच. तालमीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा ते सगळ्यांत खूश होते. रोज फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचे आणि किती जणांनी अंगठा दिला ते मोजायचे. ‘माझा फळा दुबईत वाचतात,’ असं आईला ऐकवायचे. ‘दुबईच्या लोकांना आपल्या पाण्याची वेळ कशाला हवी?’ आई म्हणायची. अण्णांचं म्हणणं, हवी असते. परगावी गेलेल्या माणसालाच ती जास्त हवी असते.

पाच पानं झाली. इथवर सगळं अण्णांबद्दल होतं. मॅडमचा प्रश्न तसाच राहिला होता.

गेल्या मे महिन्यात अण्णा फुलेवाडीच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात होते. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी आता फार काही करता येणार नाही असं सांगून त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं होतं. अण्णा जागे असले की बोलायचे, पेज मागायचे. त्या दिवशी सकाळी मैथिली घरी जाऊन, अंघोळ करून, पेजेचा डबा घेऊन स्कूटीवरून परत निघाली होती. रंकाळ्यापाशी फोन वाजला. आईचा असेल म्हणून तिनं गाडी कडेला घेतली.

तालमीच्या ग्रुपवर बॅनर होता. अण्णांचा फोटो, खाली समई, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि पूर्ण नाव. आजवर पेठेतल्या एकाही बॅनरवर गुळवणी आडनाव बरोबर लिहिलं गेलं नव्हतं. या बॅनरवर एकही चूक नव्हती. त्यामुळंच ते तिला खरं वाटलं.

तिनं आईला फोन केला नाही. विचारलं तर आई हो म्हणेल, अशी भीती. तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला आणि तलावाच्या कठड्यावर बसून राहिली. अर्धा तास. मग आता आईला एकटं ठेवणं बरं नाही असं वाटून उठली आणि हॉस्पिटलात पोचली. आई खोलीच्या दारात उभी होती. ‘दहा मिनिटं झाली गं,’ आई म्हणाली. ‘अण्णा तुझी वाट बघत होते.’

मैथिलीला आधी कळलंच नाही, कसली दहा मिनिटं. नंतर तिनं फोन चालू केला. बॅनर केव्हाच पुसलेला होता. त्याखाली बाळासो काकांचा मेसेज होता, ‘चुकून पडले आहे. अंबादास हयात आहेत. कृपया पुढे पाठवू नये. माफी असावी.’ बॅनरनंतर चार मिनिटांनी आलेला. आईनं तीनदा फोन केल्याचे मेसेजही येऊन पडले होते.

‘एवढा उशीर कसा झाला?’ आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘ट्रॅफिक होतं.’

गेले दहा महिने आई येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत होती. पोर ट्रॅफिकमध्ये अडकली हो, नाहीतर भेट झाली असती. प्रत्येक वेळी मैथिली आतल्या खोलीत जायची. पत्रकारिता शिकणारी मुलगी, आणि बाप जिवंत आहे का हे विचारायच्या ऐवजी तिनं बॅनरवर विश्वास ठेवला. हे कुणाला सांगायचं? आईला सांगितलं तर आईच्या हातात असलेलं एवढंसं समाधानही जाईल, की लेक यायला निघाली होती.

तिनं पेन खाली ठेवलं. तेवढ्यात खालून आवाज आला.

‘वैनी हायत का घरात?’

बाळासो काका. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र, तालमीचे अध्यक्ष. कागलच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. तेराव्यानंतर या घरात आले नव्हते. मैथिली खाली गेली तेव्हा ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते आणि आई समोर उभी होती.

‘बसा नीट, भाऊजी. पडाल,’ आई म्हणाली. चहाचं विचारलं नाही.

‘बरं हाय हितं,’ काका म्हणाले. ‘काम असं हाय वैनी, फळ्याच्या जागी स्क्रीन बशिवतोय. एलईडी. रंगीत. कमिटी म्हणती, अंब्याचं नाव द्यायचं. कैलासवासी अंबादास गुळवणी वार्ताफलक. पर म्या म्हटलं, घरात इचारल्याबिगर न्हाय.’

‘या वेळी विचारायला आलात,’ आई म्हणाली.

काकांनी मान खाली घातली.

‘मला त्ये धवलला धाडायचं हुतं,’ काका म्हणाले. ‘बॅनरवाल्या धवलला. डॉक्टर सकाळीच म्हणालं हुतं, आजचा दिस निघंल असं वाटत न्हाय. म्हटलं, ऐन वक्ताला घाई हुती, नाव चुकीवत्यात. दुसऱ्याच्या बॅनरवर चूक दिसली की अंब्या स्वतः जाऊन सांगून यायचा. त्येच्याच नावात चूक नगं. म्हणून आधीच करून घेतलं. नाव तपासलं चारदा. धवलला म्हणायचं हुतं, ह्येच फायनल, पर ठेवून दे. बोट ग्रुपवर पडलं.’ त्यांनी हातातला फोन शेजारच्या टेबलावर पालथा ठेवला. ‘तुमी त्या दिशी फोनवर बोललासा, त्ये कमीच हाय मला. चप्पल मारायला पायजे हुती.’

‘लांब होतात म्हणून वाचलात.’

‘व्हय.’

काकांच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, पण आलं नाही. ‘पोरीला तेवढं तरी ट्रॅफिक लागलं,’ ते म्हणाले. ‘गाडी चालवताना तिनं त्ये बघितलं असतं तर? त्याच इचारानं झोप न्हाय मला.’

मैथिली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गप्प राहिली असती तर सगळं काकांवरच राहिलं असतं, आणि त्यांनी ते आनंदानं घेतलंही असतं.

‘काका, ट्रॅफिक नव्हतं,’ ती म्हणाली.

आईनं वळून बघितलं.

‘मी बघितलं होतं ते. रंकाळ्यापाशी. मला खरं वाटलं. मग मी फोन बंद केला आणि तिथंच बसले.’

‘किती वेळ?’ आईनं विचारलं.

‘अर्धा तास.’

‘एकटी?’

मैथिलीनं मान डोलावली. आता आई काय म्हणेल याची तिनं दहा महिने तयारी केली होती. तिनं मनात रचलेल्या कुठल्याच वाक्यात ‘एकटी’ हा शब्द नव्हता. ती तिथंच उंबऱ्यात बसली. काका उठायला लागले, तसं आईनं त्यांना हातानंच थांबवलं आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसली.

‘भाऊजी, मी तुम्हाला किती वेळ बोलत होते हो फोनवर?’

‘जाऊ द्या की वैनी.’

‘किती?’

‘सतरा मिनटं,’ काका म्हणाले. ‘फोनात लिवून येतंय. मी नंतर बघितलं हुतं.’

‘सतरा,’ आई म्हणाली. ‘आधी नणंदेचा फोन आला, रडतच. मग आणखी दोघींचे. हे झोपले होते. कानावर पडू नये म्हणून मी बाहेर जिन्यात गेले. मग तुला लावला, लागेना. मग भाऊजींना लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. परत आले तर सिस्टर दारातच उभी. मला आत सोडायच्या आधी तिनं माझा हात धरला, तेव्हा कळलं.’

‘पण तू म्हणालीस, अण्णा माझी वाट बघत होते,’ मैथिली म्हणाली.

‘ते सिस्टरनं सांगितलं मला. मी नव्हते तिथं.’ आईनं पदरानं चष्मा पुसला आणि तो डोळ्यांना न लावता हातातच धरला. ‘आणखी काय म्हणाले, ते मी तिला विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्ही कुठं होतात? म्हणून गप्प बसले. सगळ्यांना सांगत सुटले, पोर ट्रॅफिकमध्ये अडकली.’

काकांनी तोंडावरून हात फिरवला. पेठेत त्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा. आता मात्र ते आवाज न करता रडत होते. आई उठली, तांब्याभांडं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. ते पाणी प्यायले, आणि मग आईही त्याच तांब्यातलं प्यायली.

‘क्रांती नाव होतं त्यांचं,’ मैथिली म्हणाली. ‘सिस्टरचं. पन्हाळ्याकडच्या होत्या. अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं म्हणून.’

आई हसली. अण्णा गेल्यापासून मैथिलीनं हे हसू ऐकलं नव्हतं.

‘असंल का अजून थितं?’ काका सावरून म्हणाले. ‘नंबर काढतो मी. माझा मावसभाऊ हाय, त्येच्या वळखीचं एकजण थितं कामाला...’

‘नंबर नको,’ आई म्हणाली. ‘जाऊन विचारू.’

‘आत्ता?’

‘तुम्हाला काही काम आहे का?’

‘मला कसलं काम. रिक्षा आणतो.’ काका उठले, दारापर्यंत गेले आणि थबकले. ‘आन् त्या स्क्रीनचं? कमिटीला काय सांगू?’

‘ते नंतर बघू, भाऊजी. रिक्षा आणा.’

त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीतून लांब गेला. आईनं साडी बदलली नाही. केसांवरून नुसता ओला हात फिरवला, कुलूप शोधलं, पायात चपला सरकवल्या. मैथिली अजून उंबऱ्यातच होती.

‘ऊठ,’ आई म्हणाली. ‘रिक्षा रंकाळ्यावरूनच जाईल ना? कुठं बसली होतीस ते मला दाखव.’