टेबलाची दोन टोकं

श्रीरंगरावांनी जेवणाच्या टेबलाला आणखी एक फळी जोडली.

"अहो, एवढं लांब कशाला?" वसुधाताईंनी विचारलं.

"शांततेला अंतर लागतं."

नात अनिका दिवाळीच्या फराळाला कॉलेजातल्या दोन मैत्रिणी घेऊन आली होती. नोआ इस्रायलच्या उत्तर सीमेवरची, हनीन गाझाची. एकीचं गाव युद्धात रिकामं केलेलं, दुसरीचं घर उरलेलंच नव्हतं. श्रीरंगरावांनी नोआला या टोकाला बसवलं, हनीनला त्या टोकाला आणि मध्ये अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधलं निम्मं मराठी मंडळ. स्वतः चकल्यांचा डबा घेऊन मधोमध, संयुक्त राष्ट्रांसारखे.

"आजोबा, त्या रूममेट्स आहेत. एकाच गाडीतून आल्यात," अनिका पुटपुटली.

"गाडीत भांडण होत नाही, खाताना होतं. आपल्या मंडळाची निवडणूक आठव."

मग आग्रह सुरू झाला. पोरी "नो मोअर, अंकल" म्हणत ताटावर हात धरत होत्या. "भरपूर आहे," म्हणत श्रीरंगराव बोटांच्या फटीतून लाडू सरकवत होते.

फराळ सुरळीत पार पडला. युद्धाबद्दल अवाक्षर कोणी काढलं नाही. श्रीरंगराव स्वतःवरच खूश झाले आणि कुणाला न सांगता गॅरेजमध्ये गेले. इथे फटाक्यांना बंदी, म्हणून त्यांनी शेजारच्या साउथ कॅरोलायनाहून दोन माळा गुपचूप आणून ठेवल्या होत्या. पाहुण्यांना जरा गंमत. एक खिशात ठेवून दुसरी त्यांनी मागच्या अंगणात, खिडकीखालीच लावली.

माळ वाजून संपली तसे ते हसत आत आले. आत कोणीच हसत नव्हतं. टेबलाच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अनिका त्यांच्याकडे बघत नव्हती.

गुडघा धरून ते वाकले, टेबलक्लॉथ उचलला. खाली, मधोमध, दोघी एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. नोआने दोन्ही तळव्यांनी हनीनचे कान झाकले होते, स्वतःचे उघडेच होते. भोवती लाडवाचा चुरा.

"अंकल," नोआने हळूच विचारलं, "अजून आहे?"

उभा जन्म पाहुण्यांनी हे विचारावं म्हणून ते वाट पाहत आले होते.

"नाही," श्रीरंगराव म्हणाले. "संपलं सगळं."

त्यांचा हात खिशावर होता. तो तिथून हलेना, आणि त्यांना उठताही येईना.

त्यांच्याकडे बघून हनीन थोडी आत सरकली. त्यांच्यासाठी जागा करून.