बंद घड्याळावर सहमती

कचेरीत हेडक्लार्कांच्या लाल शाईला सगळे टरकून असत. निवृत्तीनंतर बायकोने त्यांना साधी वाणसामानाची यादीही तपासू दिली नाही. मग त्यांना ऑनलाइन ज्ञानकोश सापडला. तिथे कोणीही लिहावं, कोणीही खोडावं अशी सोय होती. हेडक्लार्क खोडणाऱ्यांत सामील झाले.

एके सकाळी गावच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या लेखात कोणीतरी बदल केला. 'घड्याळ दहा वर्षं बंद आहे' हे काढून लिहिलं, 'घड्याळ चालू आहे. मी दर सोमवारी किल्ली देतो.' हेडक्लार्कांनी ते उडवलं आणि शेरा मारला, 'संदर्भ द्या.'

तासाभरात त्यांचा मेहुणा जिना चढून आला. तो घड्याळजी.

"दाजी, माझं लिहिलेलं कोणीतरी खोडतंय!"

"मीच. पुरावा कुठाय?"

"अहो, ठोके ऐका की!"

हेडक्लार्कांनी अकराही ठोके मोजले. "ऐकले. पण माझे कान म्हणजे संदर्भ नव्हे. छापील काही आहे?"

छापील एकच होतं, घड्याळ बंद पडल्याची जुनी बातमी. ते दुरुस्त झाल्याचं कोणी छापलं नव्हतं. चालू घड्याळाची कसली आलीय बातमी!

प्रकरण ज्ञानकोशाच्या चर्चापानावर, म्हणजे वाद मिटवायच्या पानावर गेलं. तिथे गावोगावचे नऊ संपादक जमले. एकानेही मनोरा पाहिला नव्हता, त्यामुळे सगळेच निःपक्षपाती. "इथे मतदान होत नाही, सहमती होते," असं बजावून त्यांनी मतं मोजली. लेख 'बंद पडलेली घड्याळं' या वर्गात गेला. मेहुण्यावर हितसंबंधांचा ठपका बसला, त्याचं ज्ञानकोशावरचं खातं गोठवलं.

पुढच्याच महिन्यात नगरपालिकेत नवा अधिकारी आला. त्याने ज्ञानकोश वाचला आणि बंद घड्याळाला माणूस कशाला, म्हणून मेहुण्याकडून मनोऱ्याच्या चाव्या काढून घेतल्या. आठ दिवसांत घड्याळ थांबलं.

"माझ्या भावाच्या पोटावर पाय आणलात," बायको म्हणाली. "आता जा आणि निस्तरा."

हेडक्लार्क मेहुण्याला घेऊन नगरपालिकेत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"साहेब, तो लेख मीच राखलाय. तो चुकीचा आहे."

अधिकाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. काटे सव्वाचारवर उभे होते.

"बरोबरच तर आहे," तो म्हणाला. "छान काम करताय तुम्ही लोक."

मेहुणा पाय आपटत तडक जिना उतरला. हेडक्लार्क धापा टाकत मागून गेले, "अरे, थांब तरी!" म्हणत.