ताटातलं उरलेलं

धाकटीने दादाच्या ताटातला केकचा तुकडा उचलला, तेव्हा त्याचा चमचा हवेतच राहिला.

"अगं, तो माझा होता."

"होता," ती म्हणाली आणि तो घेऊन स्वयंपाकघराकडे वळली.

"घ्या," वहिनी म्हणाली. "लहानपणी हिच्या ताटातलं पळवायचात ना? फेडा आता."

उन्हाळ्यात दादाच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, सुट्ट्यांत वजन वाढवून आलात तर तपासायला येऊ नका, सरळ भरतीच व्हा. धाकटी इस्पितळात रुग्णांची पथ्याची ताटं लावते. त्यामुळे सुट्ट्यांपुरता दादा तिच्या ताब्यात आला. सकाळी फेरी, संध्याकाळी फेरी. तळलेलं बंद. गोड नुसतं बघायचं.

पण घर सुट्ट्यांचं. येणारा प्रत्येक जण हातात खोका घेऊनच यायचा. त्यात वहिनीचा हात सढळ, बेताने वाढणं तिला जन्मात जमलं नाही. ती वाढायची, धाकटी काढायची. मधल्या मधे दादा बिचारा दोघींकडे आळीपाळीने बघत बसायचा.

काढलेलं आत जायचं. टाकायचं कसं? या घरात अन्न टाकत नाहीत.

*

काट्याचं सांगायला हवं.

घराला लागूनच वडिलांची, अप्पांची, लाकडाची वखार. ती बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण ओंडके तोलायचा काटा अजून जागेवर आहे. सुट्टी लागली की अप्पा सगळ्या पोरांना त्यावर उभं करायचे. संपली की पुन्हा. जो सर्वांत जास्त वाढला, त्याने वखारीतला भुसा झाडायचा. म्हणून सुट्टीचे शेवटचे दिवस आले की पोरांचा घास अडायचा. अर्धी अर्धी ताटं तशीच सरकवून सगळी बाहेर पळायची. भुसा कोण झाडणार!

भुशाचा तो कोरडा, गोडसर वास धाकटीला अजून आवडतो. ती मुद्दाम वखारीचं दार उघडून उभी राहते. मग सगळं ऐकू येतं. अप्पांचा खाकरा. दांडीचा खणखणाट. दादा श्वास रोखून उभा, जसं काही श्वासालाच वजन असतं.

"आई, तू चढ ना!"

"नको गं बाई. मोडेल तुमचा काटा."

सगळे हसायचे. आई सगळ्यांत जास्त.

पुढे आईला जिना चढवेना. मग दोन खोल्यांमधलं अंतरही लांब वाटायला लागलं. पोरं मोठी झाली होती, शहाणी झाली होती. म्हणायची, तिचं शरीरच तसलं. खाते कुठे ती? ताटावर बसतसुद्धा नाही.

*

सुट्टीचा शेवटचा दिवस. सकाळी तिघं वखारीत.

दादा काट्यावर चढला. धाकटीने दांडीवरचं वजन सरकवलं आणि ती ओरडलीच, "जसाच्या तसा! तसूभर हललेला नाहीस!"

"मग? आहेच मी गुणी."

"गुणी कसले," वहिनी म्हणाली. "डोळ्यांत तेल घालून बसली होती ती."

दादा उतरला. त्याच्या चेहऱ्यावर जुना, भुसा चुकवल्याचा आनंद होता. "आता तू."

"मी कशाला?"

"पहिल्या दिवशी चढली होतीस ना? चढ. नियम म्हणजे नियम."

ती हसत चढली. दांडी वर गेली. दादाने वजन जरा पुढे सरकवलं. दांडी वरच. त्याने आणखी सरकवलं. मग आणखी.

"काटा बिघडला असेल," वहिनी म्हणाली.

"माझ्या वेळी बरा होता," दादा म्हणाला. तो हसत नव्हता.

"असं कसं?" धाकटी म्हणाली. "मी कुठे खाल्लं काही? मी तर ताटावर बसलेसुद्धा नाही, मी नुसतं तुझ्या ताटातलं—"

दांडी खण्णकन खाली आली.

धाकटी काट्यावर तशीच उभी राहिली. जरा वेळाने तिने भिंतीचा आधार घेतला. वहिनीने पुढे होऊन तिचा हात धरला, तेव्हा कुठे ती उतरली. दादा पाठ करून, दाराशी साठलेला भुसा पायाने एका जागी करत राहिला.

*

दुपारी वहिनी वाढायला आली, तर दादाने तिच्या हातातून डाव काढून घेतला.

"आज मीच घेतो."

त्याने बेताचं वाढून घेतलं. सावकाश खाल्लं. शेवटच्या पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं आणि तोही तोंडात टाकला.

सवयीने धाकटीचा हात पुढे आला. ताटात उचलायला काही नव्हतं. हात आता कुठे ठेवावा, हे तिला क्षणभर सुचेना.

दादाने शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली.

"बस," तो म्हणाला. "निवतंय."