फायलीवरचं बटण

आत्याचा धंदा परदेशातून बटणं आणण्याचा. शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, प्लास्टिकची. कोटाची, शर्टाची, तान्ह्या बाळाच्या कपड्यांची. माल बंदरात उतरायचा, कस्टमचा कर भरून सुटायचा आणि गोदामातून शिंप्यांकडे रवाना व्हायचा. तिथे धंद्याची गोष्ट संपली असं कुणालाही वाटेल. आत्याला तसं वाटत नसे. गोदामाच्या वर एक लांबट खोली होती, तिला हमालापासून हिशेबनिसापर्यंत सगळे ‘स्मरणशक्ती’ म्हणत.

नियमच तसा होता. माल सुटला म्हणून कागद सुटत नाहीत. ऑर्डर, बिल, पेट्यांची यादी, जहाजाची पावती, विमा, पैसे भरल्याचा पुरावा, झालेला पत्रव्यवहार, हे सगळं पुढली काही वर्षं जपायचं आणि कस्टमच्या अधिकाऱ्याने मागितलं की समोर ठेवायचं. बहुतेक धंदेवाल्यांना ही कटकट वाटे. आत्या मात्र नियमाच्याही एक पाऊल पुढे होती. प्रत्येक खेपेतलं एक बटण ती त्या खेपेच्या फायलीच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने शिवून ठेवायची.

“कागद म्हणतो, मी शिंपला आणला,” ती म्हणे. “मग शिंपला दाखवायला नको?”

नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली भाची तिच्याकडे कामाला लागली ती या खोलीतले सगळे कागद स्कॅन करून संगणकात घालायला. पोरीचा हात भराभर चालायचा आणि डोकं त्याच्याही पुढे धावायचं. पहिल्याच आठवड्यात तिने वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांचा ढीग बाजूला काढला. “आत्या, एकच वजन तीन-तीन कागदांवर कशाला? विकणाऱ्याच्या यादीत आहेच की. या चिठ्ठ्या फाडू?”

“हात तर लाव,” आत्या म्हणाली. चिठ्ठ्या वाचल्या.

बटणं वाचली नाहीत. टेंगूळ आलेले ते पुठ्ठे स्कॅनरच्या काचेवर सपाट बसेनात. आत्या बंदरावर गेलेली असताना भाचीने छोटी कात्री घेतली, सगळी बटणं खटाखट कापली आणि एका काचेच्या बरणीत भरून टेबलावर ठेवली. उन्हात बरणी अशी चमकत होती की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. आत्याने परत आल्यावर बरणी पाहिली. तिचा चेहरा एकदम उतरला, पण तेवढ्यात खालून कुणी हाक मारली आणि ती जिना उतरून गेली.

पुढच्याच आठवड्यात कस्टमचे साहेब आले. सडपातळ, मितभाषी, खिशात स्वतःची पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी एका विक्रेत्याचं नाव आणि एका जुन्या खेपेचा क्रमांक सांगितला.

“या माणसाने दुसऱ्या एका आयातदाराला शिंपल्याच्या नावाखाली प्लास्टिकची बटणं पाठवली. शिंपल्यावर कर कमी, प्लास्टिकवर जास्त. तुमच्या खेपेतही तसंच झालं होतं का, ते मला बघायचंय.”

“आमचा तो माल कधीच विकला गेला, साहेब.”

“म्हणून तर कागद बघायला आलोय. खात्री पटली नाही, तर विश्वासू आयातदारांच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल.”

याचा अर्थ भाचीलाही ठाऊक होता. यादीतून नाव गेलं की यापुढे आत्याची प्रत्येक पेटी बंदरात उघडली जाणार, माल अडकून पडणार आणि बटणांसाठी खोळंबलेले शिंपी दुसरीकडे जाणार. आत्याने सगळा जन्म घालून मिळवलेलं नाव होतं ते.

फाईल मिळायला वेळ लागला नाही. साहेबांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. मधोमध हिरव्या धाग्याची चार टोकं उभी होती.

“इथे काय होतं?”

“नमुना. त्याच खेपेतलं बटण,” आत्या म्हणाली. “आमच्याकडून कापलं गेलं.”

“आमच्याकडून नाही, मी कापलं,” भाची म्हणाली. “सगळीच कापली. त्या बरणीत आहेत.”

साहेबांनी बरणीकडे पाहिलं. “बरणीतलं बटण कुठल्याही खेपेचं असू शकतं, ताई. त्याला पुरावा म्हणत नाहीत.”

“बरोबर आहे,” भाची म्हणाली. ती खाली मान घालून फाईल उलटू लागली आणि वजनाच्या आकड्यापाशी थबकली. “साहेब, पण शिंपला दगडासारखा जड असतो. तेवढ्याच आकाराचं प्लास्टिकचं बटण त्याच्या निम्म्याहूनही हलकं भरतं. पेटीत बटणं किती आणि पेटीचं वजन किती, हे कळलं तर एका बटणाचं वजन निघेल.”

“वजन कुणी लिहिलंय?”

“विकणाऱ्याने.”

“जो मालाबद्दल खोटं लिहील, तो वजनाबद्दल खरं लिहील होय?”

आत्याने हात लांब करून फाईल दोन पानं पुढे उलटली आणि पुन्हा हाताची घडी घातली. तिथे बंदरातल्या काट्याची चिठ्ठी होती. तिच्यामागे ट्रकवाल्याच्या काट्याची. त्याच चिठ्ठ्या, ज्या भाची फाडायला निघाली होती.

भाचीने तिन्ही आकडे एकामागोमाग वाचले. प्रयोगशाळेत सरांनी घोकून घेतलेली गोष्ट होती ही: एकाच राशीचं मापन एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी, वेगवेगळ्या उपकरणांवर करावं. पदवीसाठी तिने ते वहीत लिहिलं होतं. इथे आत्या ते प्रत्येक खेपेला करत आली होती आणि भाचीला त्या खोलीत फक्त रद्दी दिसली होती.

साहेबांनी तिन्ही वजनं पेन्सिलीने खुणावली. “थोडा थोडा फरक आहे.”

“काटे वेगळे आहेत ना,” आत्या म्हणाली.

“ते ठीकच आहे. ग्रॅमपर्यंत जुळली असती तर मला संशय आला असता.” पहिल्यांदाच ते खुर्चीत नीट टेकून बसले. “पण बटणाचा आकार? तोही विकणाऱ्यानेच लिहिलाय. मोठी प्लास्टिकची बटणं पाठवली असतील, तरी वजन तेवढंच भरेल.”

भाचीने पुठ्ठा खिडकीशी नेऊन तिरपा धरला. बटण गेलं होतं, पण वर्षानुवर्षं दाबून बसलेल्या बटणाचा गोल वण पुठ्ठ्यावर उमटला होता, काठासकट. मधे सुईची चार भोकं.

“आकार इथे आहे!” तिने कॅलिपर आणलं, वणाचा व्यास मोजला आणि भोकांमधलं अंतरही. मग बरणी पांढऱ्या कापडावर ओतली. “हिरवा धागा अडकलेली बटणं बाजूला काढते. आत्या, हिरवा धागा म्हणजे काय? या विक्रेत्याची खूण?”

“कसली खूण! डब्यात जे रीळ असेल ते संपेपर्यंत वापरायचं. हिरवं संपलं तेव्हा तपकिरी आणलं.”

“म्हणजे धागा काळ सांगतो,” साहेब पुटपुटले आणि आसपासच्या फायली स्वतःच काढून बघू लागले. खरंच, त्या खेपेच्या मागेपुढे हिरवी टोकं, त्यापुढे तपकिरी.

हिरव्या धाग्याच्या बटणांतली व्यासाने जुळणारी थोडीच निघाली. भोकांच्या अंतराने आणखी गळाली. शेवटी कापडावर दोन बटणं उरली. भाचीने दोन्ही पुन्हा पुन्हा मोजली आणि कॅलिपर खाली ठेवलं.

“यातलं नेमकं कोणतं, ते मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. “अंदाजाने एक उचलणार नाही. दोन्ही तपासा.”

आत्याने एकेक बटण ओठाला लावलं. “थंडगार. शिंपलाच.”

“तुमचा ओठ अहवालात कसा लिहू, बाई?” साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या मिशीत हसू दिसलं. त्यांनी व्हिनेगर मागवलं आणि दोन्ही बटणांच्या पाठीवर एकेक थेंब टाकला. दोन्हींवर बारीक बुडबुडे उठले. प्लास्टिकवर ते उठले नसते. मग भाचीने जाडी मोजली, हिशेब मांडला, आणि शिंपल्याच्या बटणाचं जेवढं वजन यायला हवं त्याच्या आसपासच तिन्ही काट्यांची वजनं येऊन बसली. साहेबांनी आकडेमोड स्वतः पुन्हा करून पाहिली. आत्या तोवर खिडकीबाहेर बघत होती. तिची बोटं मात्र पदराचं टोक पिळत होती.

“जुळतंय,” साहेब म्हणाले. “नाव यादीत राहील.” मग भाचीकडे वळून, “बाकीच्या फायलींचं काय करणार?”

“जी खात्रीने जुळतील ती परत शिवणार. जी जुळणार नाहीत, त्यांच्या पुठ्ठ्यावर ‘नमुना सुटला’ असं लिहून खाली सही करणार.”

साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. “बाई, ही कुठून आणलीत?”

“आयात नाही हो, घरचाच माल आहे,” आत्या म्हणाली.

साहेब गेल्यावर भाची कापडावरच्या बटणांपाशी उभी राहिली. “आत्या, तू त्याच दिवशी ओरडली का नाहीस?”

“ओरडून बटणं परत पुठ्ठ्यावर चढली असती होय? आणि तू तोंड लपवलं असतंस, तर आज खरंच ओरडले असते.” तिने ड्रॉवरमधून सुईधागा काढला. सकाळीच सुटून आलेल्या खेपेची कोरी फाईल टेबलावर होती. “हं, शीव.”

“आधी पुठ्ठा स्कॅन करते, मग शिवते. म्हणजे दोन्ही होईल.”

“हे आधी सुचलं असतं, तर बरणी लोणच्याला राहिली असती,” आत्या म्हणाली.

भाचीने शिंगाचं एक बटण निवडलं, पुठ्ठ्याच्या मधोमध धरलं आणि शिवलं. सुई एकदा बोटात गेली. गाठ मारून तिने फाईल आत्यासमोर सरकवली. आत्याने बटण चिमटीत धरून जोरात ओढलं. हललं नाही. मग कपाटातल्या फायली सरकवून तिने नव्या फायलीला जागा करून दिली. टेंगळामुळे फाईल जरा अडली, तशी भाचीने ती तळहाताने आत ढकलली.