मूठ कोणाच्या नावावर

"मूठ माझी, आणि मलाच बनवायला बंदी?" मूठवालीने नोटीस वकीलबाईंच्या टेबलावर आपटली.

काठ्यांच्या कारखान्यात ती एकवीस वर्षं मुठी कातत होती, म्हणून सगळे तिला मूठवालीच म्हणत. नवऱ्याच्या हाताला कंप सुटला आणि काठी निसटू लागली, तेव्हा त्याच्या मुठीत ओली माती दाबून तिने ठसा घेतला आणि तशी मूठ कोरली. तीन फसल्या, चौथी हातात बसली. कौतुकाने तिने ती मालकाला दाखवली. त्याने तो आकार स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. ती बोलली, तर तिला कामावरून काढलं. आता घरबसल्या चार मुठी करून विकायची, तेही त्याला खुपलं आणि त्याने ही नोटीस धाडली.

"हे पेटंट नाही, ट्रेडमार्कही नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ही डिझाइनची नोंदणी. नुसत्या आकाराची. त्याच्या आधी हा आकार कुठे छापून आला होता का?"

आला होता. दवाखान्याच्या वार्षिक अंकात नवऱ्याचा फोटो होता, ही मूठ स्पष्ट दिसेल अशी काठी पुढे धरलेला. अंक नोंदणीच्या चौदा महिने आधीचा.

"मग त्याची नोंदणी उडेल. पण मावशी, तुमच्याही नावावर होणार नाही. छापून आलेला आकार नवा धरत नाहीत. उद्या कोणीही बनवील."

"बनवू दे. त्याची नको म्हणजे नको."

नोंदणी रद्द करण्याचा अर्ज गेला. सुनावणीच्या आदल्या दिवशी मालक पहिल्यांदाच घरी आला. "अर्ज मागे घ्या, बाई. कामावर या. मुठीवर तुमचं नाव कोरतो."

"घे ना गं," नवरा आतून म्हणाला. "नाव लागेल तुझं."

तिने मालकाकडे पाहिलं. "मी हात जोडून उभी होते, तेव्हा काय म्हणालात? कातणाऱ्या पुष्कळ मिळतात. मग त्यांच्यातल्याच एकीचं नाव कोरा."

दार तिने त्याच्या तोंडावर लावलं. नवऱ्याने त्या रात्री ताट तसंच बाजूला सारलं.

नोंदणी रद्द झाली. अधिकारी निकाल वाचत असताना ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. मालकाचा उतरलेला चेहरा तिने डोळे भरून पाहून घेतला.

वर्षभरात ती मूठ प्लॅस्टिकमध्ये निघाली. लाल, हिरवी, हवी तशी. मूठवालीकडे कोणी येईनासं झालं.

ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात बसली होती. शेजारच्या एक आजी हिरव्या मुठीवर भार देऊन सहज उठल्या.

"छान आहे हो," मूठवालीच्या तोंडून निघून गेलं. "कारखान्याच्या दुकानातली?"

"छे! ते अव्वाच्या सव्वा घेतात. ही गाडीवरची. कोणी काढली कोण जाणे, पण हात धरून ठेवते बघा."

"बरं केलंत, तिथे गेला नाहीत."

आत नवऱ्याचं नाव पुकारलं. तो उठू लागला, तशी तिने त्याच्या थरथरत्या हाताखाली आपला हात दिला.